धुराच्या पडद्याआडचा जगज्जेता

हिरव्या बनातीचे भलेमोठे टेबल, त्यावर खाली झुकलेले दिवे आणि त्या दिव्यांच्या उजेडात संथपणे वर चढणारा निळसर धूर. विसाव्या शतकात स्नूकर आणि बिलियर्ड्स या खेळांची ओळख जगाला झाली ती बहुधा याच चित्रातून. महानगरांतील जिमखाने आणि लष्करी क्लब यांच्यापुरता मर्यादित असलेला हा खेळ पुढे स्नूकर आणि पूलच्या हॉलच्या रूपाने जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला. परभणीकडच्या तरुणाला आज क्यू हातात धरण्यासाठी मुंबई-पुण्याच्या एखाद्या जिमखान्याचे सदस्यत्व लागत नाही. त्याआधी या भागात अशा खेळाची हौस भागत असे ती कॅरमवर. कॅरम क्लबमधले दृश्य तरी कुठे फार वेगळे होते? बोर्डावर लोंबणारा बल्ब, बोरिक पावडरचा पांढरा थर, आपली पाळी येण्याची वाट पाहणारे चार-सहा जण आणि त्यांच्या बोटांतली विडी. खेळ बदलला, टेबल मोठे झाले, विडीच्या जागी सिगारेट आली. वाट पाहणाऱ्याच्या हातातला निखारा मात्र तसाच राहिला.

या निखाऱ्याने एका असामान्य खेळाडूचे काय केले, याची कहाणी म्हणजे अॅलेक्स हिगिन्सचे आयुष्य. दोन वेळा जगज्जेता ठरलेला, ‘हरिकेन’ म्हणजे वादळ या नावाने ओळखला जाणारा, स्नूकरला क्लबच्या चार भिंतींतून काढून घराघरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नेणारा हा खेळाडू २४ जुलै २०१० रोजी बेलफास्टमधील आपल्या छोट्याशा घरात एकटाच मरून पडलेला आढळला. त्या वेळी त्याचे वय अवघे ६१ होते. घशाच्या कर्करोगाने आणि त्यावरील उपचारांनी त्याची अन्न गिळण्याची ताकद गेली होती आणि एकेकाळी प्रेक्षागृह दणाणून सोडणाऱ्या या माणसाचा आवाज कुजबुजीएवढा उरला होता.

बेलफास्टची गल्ली

अलेक्झांडर गॉर्डन हिगिन्सचा जन्म १८ मार्च १९४९ रोजी उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट येथे, कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. जहाजबांधणी आणि लिननच्या गिरण्या यांवर पोसलेल्या या शहरात कामगारांच्या मुलांना करमणुकीची साधने थोडीच होती. हिगिन्सच्या घराजवळ ‘जॅमपॉट’ नावाचा स्नूकरचा हॉल होता. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीच त्याची पावले तिकडे वळली. तेथे शाळा नव्हती, प्रशिक्षक नव्हता. थोराड माणसे पैशावर खेळत, मुले भिंतीला टेकून पाहत आणि एखादे टेबल रिकामे झाले की झडप घालत. चेंडू कसा वळतो, कुशनवरून कोणत्या कोनात परततो, प्रतिस्पर्ध्याचा धीर केव्हा सुटतो, हे सारे त्याने पाहून शिकले. त्या पाहण्यातच तंबाखूचाही परिचय झाला. अशा हॉलमध्ये ओढणे ही मोठे झाल्याची खूण होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

मधल्या काळात त्याने एक वेगळेच स्वप्न पाहिले. अंगकाठी लहान आणि चपळ असल्याने घोड्यांच्या शर्यतीत जॉकी व्हावे, या विचाराने तो किशोरवयातच इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यातील एका तबेल्यात उमेदवारी करू लागला. पण वजन वाढत गेले आणि जॉकीचा मार्ग बंद झाला. तो बेलफास्टला परतला, तो पुन्हा त्याच हिरव्या टेबलापाशी. १९६८ मध्ये त्याने उत्तर आयर्लंडची आणि पाठोपाठ अखिल आयर्लंडची हौशी स्पर्धा जिंकली. १९७१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो व्यावसायिक खेळाडू झाला.

बिअरच्या खोक्यांवरचे प्रेक्षक

त्या काळी व्यावसायिक स्नूकर मरणपंथाला लागल्यासारखेच होते. जो डेव्हिस या महान खेळाडूने १९२७ पासून १९४६ पर्यंत १५ वेळा जगज्जेतेपद मिळवले आणि तो बाजूला झाल्यावर लोकांचा रस ओसरला. पुढे स्पर्धाच काही वर्षे बंद पडली. १९६९ मध्ये बीबीसीने ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला, तो नव्याने आलेल्या रंगीत दूरचित्रवाणीचे गुण दाखवण्यासाठी. रंगीत चेंडूंचा खेळ त्यासाठी सोयीचा होता. तरीही खेळाडूंच्या हाती पैसा फारसा पडत नव्हता.

अशा वेळी १९७२ च्या जागतिक स्पर्धेत हिगिन्स पहिल्यांदाच उतरला. पात्रता फेरीपासून खेळत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. हा सामना बर्मिंगहॅममधील माजी सैनिकांच्या एका क्लबमध्ये झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा कोळसा खाणकामगारांचा संप सुरू होता, वीज वारंवार जात होती आणि दिव्यांसाठी जनरेटर आणावा लागला होता. प्रेक्षकांना बसण्यासाठी बिअरच्या खोक्यांचा आधार देऊन बैठकी रचल्या होत्या. फेब्रुवारीची थंडी, बंद खिडक्या आणि दाटीवाटीने बसलेले शेकडो धूम्रपानी. अशा त्या हॉलमध्ये हिगिन्सने जॉन स्पेन्सर या गतविजेत्याला ३७-३२ असे हरवले. पदार्पणातच जगज्जेतेपद आणि तेही वयाच्या बाविसाव्या वर्षी! एवढ्या लहान वयात हा मान पूर्वी कोणाला मिळाला नव्हता. स्टीफन हेन्ड्रीने १९९० मध्ये एकविसाव्या वर्षी तो विक्रम मोडला. हिगिन्सला मिळालेली बक्षिसाची रक्कम होती ४८० पौंड.

त्याचा खेळ पाहणाऱ्याला प्रथम जाणवे तो वेग. इतर खेळाडू टेबलाभोवती मोजून पावले टाकत, वाकत, पुन्हा उभे राहत. हिगिन्स एक चेंडू खिशात पडतो न पडतो तोच पुढच्या चेंडूपाशी पोहोचलेला असे. फटका मारताना शरीर स्थिर ठेवावे, हा या खेळातील पहिला धडा. हिगिन्सचे अंग मात्र फटक्याबरोबर उसळे, मान झटका खाई आणि तरीही चेंडू नेमका खिशात जाई. शिष्टसंमत बो-टाय बांधण्यास तो नकार देई आणि त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्रही पुढे करी. कामगार वस्तीतील लोकांना हा आपल्यातला वाटला. त्यांनी त्याला लोकांचा विजेता ठरवून टाकले.

सिगारेट टेबलाची नव्हे, खुर्चीची

या खेळात धूर इतका का मुरला, हे समजून घेण्यासाठी खेळाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. क्रिकेट, हॉकी किंवा कबड्डीत खेळाडूचा श्वास लागतो. फुप्फुसांची कुचराई पाच मिनिटांत उघडी पडते. स्नूकरमध्ये धावणे नाही. उलट येथे अर्धा वेळ खेळाडू खेळतच नाही. प्रतिस्पर्ध्याचा ब्रेक सुरू असेपर्यंत त्याने आपल्या खुर्चीवर बसून राहायचे, समोर आपला पराभव चेंडूगणिक जवळ येताना पाहायचा आणि काहीही करायचे नाही. हाताला काम नाही, तोंडाला शब्द नाही. मनावर ताण मात्र पुरेपूर. या रिकाम्या हाताला सिगारेटने काम दिले. म्हणजे सिगारेट ही खऱ्या अर्थाने टेबलाची नव्हतीच. ती होती खुर्चीची. हिगिन्ससारख्या एका जागी बसणेच ज्याला जमत नसे अशा माणसासाठी ती खुर्ची म्हणजे शिक्षा होती आणि एकामागून एक पेटणारी सिगारेट ही त्या शिक्षेवरची सूट होती.

हॉलची रचनाही धुराला पोषक अशीच. टेबलावर बाहेरचा उजेड पडला तर सावल्या बदलतात, म्हणून खिडक्या झाकलेल्या. टेबलावरचे कापड शुद्ध लोकरीचे. ते दमट हवेने जड होते आणि चेंडू मंदावतो, म्हणून बाहेरची हवा नकोशी. वाऱ्याची झुळूक नको, पंख्याचा जोर नको. परिणामी आत सोडलेला धूर आतच राही. जुन्या टेबलांच्या लाकडी कडांवर काळसर चट्टे दिसतात. ते खेळता खेळता कडेवर ठेवून विसरलेल्या सिगारेटींचे. साहेबी काळात भोजनानंतर पुरुष मंडळी बिलियर्ड्सच्या खोलीत जमत ती सिगार आणि मद्य घेऊनच. स्नूकर हा खेळ मुळात भारतात, जबलपूर येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये १८७५ मध्ये जन्मला. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याला त्याचे श्रेय दिले जाते. म्हणजे क्यू, खडू आणि धूर यांची संगत या खेळाच्या जन्मापासूनची.

या संगतीची झळ केवळ खेळाडूंना बसत नव्हती. आपल्याकडील क्लबमध्ये गुण मोजणारा, चेंडू मांडणारा, कापड झटकणारा ‘मार्कर’ असतो. खेळाडू तास-दोन तास खेळून घरी जाई. मार्कर मात्र सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत त्याच हवेत उभा. स्वतः कधी विडी न ओढणाऱ्यालाही दुसऱ्याचा धूर बाधतो, हे वैद्यकशास्त्राने १९८० च्या दशकात ठामपणे मांडले. ब्रिटनमधील लोकप्रिय कलावंत रॉय कॅसल १९९४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. त्याने आयुष्यात धूम्रपान केले नव्हते. धुराने भरलेल्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षे ट्रम्पेट वाजवल्याचा हा परिणाम, अशी त्याची खात्री होती. त्याच्या मृत्यूने तेथील लोकमत हादरले. क्लबमध्ये काम करणाऱ्यांचा विचार तेव्हा कुठे सुरू झाला.

तंबाखूचा पैसा

हिगिन्सच्या उदयाबरोबरच एक मोठा आर्थिक योग जुळून आला. ब्रिटनमध्ये १९६५ पासून दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी होती. जाहिरातीचे दार बंद झाल्यावर तंबाखू कंपन्यांनी खेळांच्या प्रायोजकत्वाची खिडकी शोधली. स्पर्धेच्या नावातच सिगारेटचे नाव घातले की बीबीसीसारख्या जाहिराती न घेणाऱ्या वाहिनीवरही ते दिवसभर उच्चारले जाई. १९७६ पासून जागतिक स्पर्धेला ‘एम्बसी’ या सिगारेटचे नाव लागले, ते २००५ पर्यंत टिकले. ‘मास्टर्स’ ही दुसरी मानाची स्पर्धा १९७५ पासून २००३ पर्यंत ‘बेन्सन अँड हेजेस’च्या नावाने भरत होती. आपल्याकडेही हा प्रकार अपरिचित नव्हता. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक ‘विल्स’च्या नावाने खेळला गेला आणि भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर ते नाव काही वर्षे मिरवले. ‘एम्बसी’ही विल्सचीच.

स्नूकरच्या बाबतीत या पैशाने क्रांती केली, हे नाकारता येणार नाही. १९७७ पासून जागतिक स्पर्धा शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात स्थिरावली. बीबीसी ती दिवसेंदिवस दाखवू लागली. बक्षिसांच्या रकमा शेकड्यांतून हजारांत आणि हजारांतून लाखांत गेल्या. १९८५ चा अंतिम सामना तर मध्यरात्र उलटून गेल्यावरही ब्रिटनमध्ये एक कोटी ८५ लाख लोक पाहत होते. खेळाडूंना नाव मिळाले, घरे मिळाली. त्याच वेळी खुर्चीशेजारच्या छोट्या टेबलावर पाण्याचा पेला, मद्याचा पेला आणि राखदाणी यांची सोय असे, प्रायोजकांच्या सिगारेटीही आयत्या मिळत. कॅमेरा खेळणाऱ्यावर असे, तसाच तो बसलेल्यावरही जाई. बसलेला हिगिन्स दूरचित्रवाणीवर दिसला म्हणजे ओढतानाच दिसला. कंपनीला वेगळी जाहिरात करण्याची गरजच उरली नाही.

१९८२: शिखर

पहिल्या जगज्जेतेपदानंतरची दहा वर्षे हिगिन्सला हुलकावण्या देत राहिली. १९७६ च्या अंतिम सामन्यात रे रीअर्डनने आणि १९८० मध्ये कॅनडाच्या क्लिफ थोरबर्नने त्याला हरवले. मास्टर्स स्पर्धा त्याने १९७८ आणि १९८१ मध्ये जिंकली. तरीही दुसऱ्या जगज्जेतेपदाची आस होती.

ती १९८२ मध्ये पुरी झाली. उपांत्य सामन्यात तरुण जिमी व्हाइट १५-१४ असा पुढे होता आणि पुढच्या फ्रेममध्ये ५९ गुणांची आघाडी घेऊन विजयाच्या उंबरठ्यावर उभा होता. चेंडू टेबलभर विखुरलेले, पांढरा चेंडू वारंवार चुकीच्या जागी थांबणारा, एक चूक म्हणजे घरचा रस्ता. अशा स्थितीत हिगिन्सने ६९ गुणांचा ब्रेक रचला. जाणकार आजही त्याची गणना या खेळातील सर्वश्रेष्ठ ब्रेकमध्ये करतात. निर्णायक फ्रेमही त्याने घेतली. अंतिम सामन्यात पुन्हा रे रीअर्डन समोर आला. १५-१५ अशा बरोबरीनंतर हिगिन्सने सलग तीन फ्रेम जिंकल्या आणि शेवटचीत तर १३५ गुणांचा ब्रेक करून सामना १८-१५ असा संपवला. त्यानंतर डोळ्यांतून धारा वाहत असताना तो पत्नीला आणि तान्ह्या मुलीला जवळ बोलावत राहिला. ते दृश्य खेळाच्या इतिहासात कोरले गेले. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०-७ अशा पिछाडीवरून त्याने १६-१५ असा विजय खेचून आणला.

डेव्हिस हा सर्वार्थाने त्याचे दुसरे टोक होता. शांत, शिस्तीचा, तासन्तास सराव करणारा, खुर्चीवर पुतळ्यासारखा बसणारा. ऐंशीचे दशक डेव्हिसचे ठरले आणि त्याने सहा जगज्जेतेपदे मिळवली. बसून राहण्याची कला हीसुद्धा या खेळातली एक विद्या आहे, हे त्याने सिद्ध केले. ती विद्या हिगिन्सला कधीच साधली नाही.

उतार

१९८२ नंतरचे हिगिन्सचे आयुष्य म्हणजे खेळ आणि गोंधळ यांची सरमिसळ. मद्य, जुगार, भांडणे आणि दंड यांच्या बातम्या त्याच्या खेळाहून अधिक येऊ लागल्या. १९८६ मध्ये एका स्पर्धा-अधिकाऱ्याला त्याने डोक्याने धडक मारली. त्याबद्दल १२ हजार पौंडांचा दंड आणि पाच स्पर्धांची बंदी त्याच्या वाट्याला आली. १९८९ मध्ये पायाचे हाड मोडल्यानंतर काही आठवड्यांतच लंगडत खेळत त्याने आयरिश मास्टर्स स्पर्धेत हेन्ड्रीला ९-८ असे हरवले; ते त्याचे शेवटचे मोठे विजेतेपद. पुढच्याच वर्षी आपलाच संघसहकारी डेनिस टेलर याला त्याने जिवे मारण्याची धमकी दिली आणि जागतिक स्पर्धेच्या वेळी एका प्रसिद्धी अधिकाऱ्याला ठोसा मारला. त्याच्यावर पुन्हा बंदी आली. क्रमवारीतून घसरत घसरत १९९७ मध्ये तो व्यावसायिक वर्तुळाबाहेर पडला.

या सगळ्याचा दोष तंबाखूला देता येणार नाही. हिगिन्स स्वभावाने उग्र होता आणि त्याच्या वागण्याने दुखावलेल्या माणसांची यादी लांब आहे. सिगारेट ओढण्यासाठी त्याच्यावर कोणी बळजबरी केली नव्हती, असेही म्हणता येईल. त्याच्याच काळात त्याच हॉलमध्ये ओढणारे अनेक खेळाडू दीर्घायुषी ठरले, हेही खरे. परंतु वयाच्या अकराव्या वर्षी ज्या मुलाने त्या हवेत पाय ठेवला आणि पुढे ज्याच्या उपजीविकेची प्रत्येक जागा धुरानेच भरलेली होती, त्याच्या निवडीला निवड म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

नव्वदच्या दशकातच त्याच्या तोंडातील गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागली. १९९८ मध्ये घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. घशावर किरण देताना लाळग्रंथी सुकतात, हिरड्या आणि जबड्याचे हाड दुबळे होते आणि दात निकामी होतात, हे या उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. हिगिन्सचे सारे दात गेले. घन पदार्थ चावणे आणि गिळणे जमेना. मऊ आणि पातळ अन्नावर दिवस काढताना त्याचे वजन घटत गेले. कर्करोग आटोक्यात आला. पण त्याने मागे ठेवलेले शरीर जगण्यालायक राहिले नव्हते. आणि एवढे होऊनही त्याची सिगारेट सुटली नाही. निकोटीनची पकड किती घट्ट असते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

याच काळात हिगिन्सने तंबाखू कंपन्यांविरुद्ध न्यायालयात जाण्याचा पवित्रा घेतला. ज्यांच्या नावाच्या स्पर्धा खेळून तो मोठा झाला, त्यांनीच आपल्याला या व्यसनात ठेवले, असा त्याचा दावा होता. त्यातून त्याच्या हाती काहीच लागले नाही. परंतु जगज्जेतेपदाच्या फलकावर ज्याचे नाव, त्यानेच त्या फलकाच्या मालकाकडे बोट दाखवावे, ही घटना लहान नव्हती.

मिळवलेले लाखो पौंड केव्हाच संपले होते. बेलफास्टमधील ज्या भागात तो वाढला तिथेच, वृद्ध आणि गरजूंसाठी असलेल्या एका सदनिकेत तो राहू लागला. ओळखीच्या मद्यगृहांत छोट्या रकमांवर खेळून तो दिवस ढकलत असे. एप्रिल २०१० मध्ये जुन्या खेळाडूंच्या एका प्रदर्शनीय सामन्यासाठी तो क्रुसिबलच्या मंचावर शेवटचा उभा राहिला. कपडे अंगावर लोंबत होते. कृत्रिम दात बसवता यावेत म्हणून मित्रांनी निधी जमवला. पण शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. तीनच महिन्यांनी, २४ जुलैला, मित्रांनी दार उघडले तेव्हा तो गेलेला होता. २ ऑगस्ट २०१० रोजी बेलफास्टच्या सेंट अॅन्स कॅथीड्रलमध्ये अंत्यसंस्काराची प्रार्थना झाली. घोडागाडीतून निघालेल्या त्या अंत्ययात्रेसाठी रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. अंत्यसंस्काराला उपस्थित असलेल्यांत जिमी व्हाइट आणि स्टीफन हेन्ड्री होते.

हवा बदलली

हिगिन्स जिवंत असतानाच त्याच्या भोवतीचा धूर कायद्याने हटू लागला होता. आयर्लंड प्रजासत्ताकाने मार्च २००४ मध्ये कामाच्या बंदिस्त जागी धूम्रपानाला बंदी केली. स्कॉटलंडने २००६ मध्ये, तर वेल्स, उत्तर आयर्लंड आणि इंग्लंड यांनी २००७ मध्ये तोच मार्ग धरला. स्नूकरचे हॉल ओस पडतील, अशी भीती तेव्हा मालकांनी व्यक्त केली होती आणि काही हॉल खरोखरच बंदही पडले. पण खेळ संपला नाही. आजचे अव्वल खेळाडू व्यायाम करतात, धावतात, आहार सांभाळतात. खुर्चीशेजारच्या टेबलावर आता पाण्याचा पेला दिसतो.

भारतात या प्रश्नाला न्यायालयीन वाट मिळाली ती महाराष्ट्रातून. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला. २००३ मध्ये संसदेने तंबाखूविषयक कायदा केला. त्यात प्रायोजकत्वाद्वारे होणाऱ्या जाहिरातीलाही प्रतिबंध आला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांबाबतचे सुधारित नियम लागू झाले. करमणुकीची ठिकाणे त्यात स्पष्टपणे येतात. मनाईचा फलक लावणे आणि राखदाणी, काडेपेटी, लायटर न पुरवणे ही जबाबदारी हॉलच्या चालकावर आहे. तो हॉल मुंबईतला असो वा परभणीतला, कायदा एकच.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप मात्र थोडे वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे होते, तर तंबाखू चघळणारे, मळून खाणारे आणि दातांना मिश्री लावणारे २४.४ टक्के. म्हणजे धुराचे संकट कमी आणि पुडीचे मोठे. हॉलमध्ये धूर दिसला नाही तरी खेळाडूच्या गालात गुटखा असू शकतो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याला परिचित आहेत. दात गेलेला, जबडा न उघडणारा, पातळ पेजेवर जगणारा माणूस पाहण्यासाठी येथे कोणाला बेलफास्टला जावे लागत नाही. हिगिन्सला झालेला आजार आपल्या घरांनाही ओळखीचा आहे.

क्यूच्या खेळांत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळवले. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळात मिळालेले ते पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी ही ध्वजा पुढे नेली. हा खेळ आता लहान शहरांतील मुलांच्या हाती येत आहे आणि त्यांच्यातून उद्या एखादा विजेता निघू शकतो. त्या मुलाने हिगिन्सचा १९८२ चा ६९ गुणांचा ब्रेक अवश्य पाहावा. असा हात शतकात एखाद्यालाच लाभतो. आणि ब्रेक संपल्यावर तो खेळाडू खुर्चीत बसतो, हात खिशाकडे जातो, काडी पेटते, तेही पाहावे. आपली पाळी येईपर्यंत हात रिकामे ठेवून बसता आले असते, तर हा खेळाडू कदाचित आणखी काही वर्षे टेबलापाशी दिसला असता.